डायपोल सराउंडचा आवाज एकाच बाजूने येतोय? स्पीकर हलवण्याआधी सोफा मोजा

दर महिना-दीड महिन्याने हा फोन येतोच, आणि सुरुवातही ठरलेली असते. "अरे, मागचे स्पीकर गेले वाटतं." कुणाला मागून काहीच ऐकू येत नसतं. कुणाकडे पडद्यावर पाऊस सुरू झाला की तो फक्त उजव्या कानात पडतो, डावीकडे कडक ऊन. स्पीकर काढून दुकानात नेले की तिथे दोन्ही ठणठणीत वाजतात. घरी आणून टांगले की पहिले पाढे पंचावन्न.

गेल्या महिन्यात पार्ल्याहून काकांचा फोन आला, तोही असाच. काका निवृत्त, सिनेमाचे शौकीन, आणि वापरलेली वस्तू घासाघीस करून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. परदेशी निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी डायपोल सराउंडची, म्हणजे पुढे आणि मागे अशा दोन दिशांना आवाज फेकणाऱ्या बाजूच्या स्पीकरची, जोडी स्वस्तात उचलली होती. घरी नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने आधीच्या छोट्या स्पीकरच्याच स्क्रूंवर ही जोडी टांगली: मागच्या दोन कोपऱ्यांत, छताजवळ, तोंडं सोफ्याकडे वाकवून. काका म्हणाले, "तू येऊन बघ. मग ठरवू कुणाला शिव्या घालायच्या ते."

शिव्या कुणालाच घालायच्या नव्हत्या. स्पीकर उत्तम होते. इलेक्ट्रिशियननेही साध्या स्पीकरसाठी जे बरोबर तेच केलं होतं. फक्त हे साधे स्पीकर नव्हते.

खोक्यात काय असतं

जाळी काढून एकदा नीट बघा. खोकं वरून पाहिलं तर भिंतीकडे रुंद आणि खोलीकडे निमुळतं. दोन उतरत्या बाजूंवर स्पीकरचे दोन संच, एक टीव्हीच्या दिशेने, दुसरा मागच्या भिंतीच्या दिशेने. दोघांना सिग्नल एकच मिळतो, पण उलट्या फेजने: एकाचा कोन (स्पीकरचा थरथरणारा पडदा) बाहेर येतो त्या क्षणी दुसऱ्याचा आत जातो. आता तुम्ही या दोघांच्या बरोबर मधल्या रेषेत बसलात, तर दोन्ही आवाज तुमच्यापाशी एकाच वेळी पोचतात, एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. या जागेला नल म्हणतात. मी लोकांना सांगताना 'मुकी पट्टी' म्हणतो, कारण ते ऐकल्यावर पुढचं समजावायला लागत नाही.

स्पीकर तुमच्याकडे गप्प, पण पुढच्या आणि मागच्या भिंतीवर तो जोरात वाजत असतो. तिथून आपटून, फिरून, थोड्या उशिराने आवाज चहूकडून तुमच्यापर्यंत येतो. कानाला बोट दाखवायला एकही जागा सापडत नाही. तेच हवं असतं.

हा खटाटोप कशासाठी, ते थिएटरमध्ये बसल्यावर कळतं. दादरच्या प्लाझात बसा नाहीतर कुठल्याही मल्टिप्लेक्समध्ये, बाजूच्या भिंतींवर सराउंडचे स्पीकर ओळीने लावलेले दिसतात. इतके सगळे एकदम वाजल्यावर त्यातला एक वेगळा ओळखू येत नाही. घरात ओळ कुठून आणणार? १९९० च्या सुमारास टीएचएक्सने, म्हणजे सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेने, घरच्या सिनेमासाठी आपले नियम केले, तेव्हा ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमन यांच्या देखरेखीखाली डायपोलचा तोडगा निघाला. त्या वेळी घरोघरी डॉल्बी प्रो लॉजिक ही सराउंडची पद्धत होती आणि त्यात सराउंडचा चॅनल मुळात एकच, तोही सात किलोहर्ट्झच्या वर कापलेला. एकच आवाज दोन साध्या स्पीकरमधून दिला की तो डोक्याच्या आत किंवा जवळच्या स्पीकरमध्ये अडकल्यासारखा वाटतो. डायपोलने तो खोलीभर पसरवला.

पुढे डॉल्बी डिजिटल आलं, डावा-उजवा सराउंड वेगळा झाला, आणि डायपोलची गरज आहे का यावर वाद सुरू झाला. तो अजून चालू आहे. माझं मत शेवटाकडे सांगतो, कारण ते ऐकलं तर काहीजण मधलं वाचणारच नाहीत.

जाता जाता बायपोलचंही सांगतो, कारण दुकानात दोन्ही नावं एकाच दमात घेतली जातात. खोकं तसंच, पण दोन्ही संच एकाच फेजमध्ये. म्हणजे आवाज पसरतो, पण मुकी पट्टी नसते. बऱ्याच मॉडेलांना मागे किंवा बाजूला दोन्हींपैकी एक निवडायचं बटण असतं. ते कुठे आहे ते आधी बघा. मी दोनदा अख्खी संध्याकाळ भिंतींना दोष देण्यात घालवली आहे आणि बटण उलटं होतं.

आधी सिग्नल येतोय का

हे दोन मिनिटांचं काम. टीव्हीवरून ॲम्पला आवाज जातो तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ 'पीसीएम' वर असेल, तर एआरसीवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून ॲम्पकडे नेणारी सोय) बहुधा फक्त स्टीरिओच बाहेर पडतं. मग मागून काय येणार? ते 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा आणि ॲम्पच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल किंवा तत्सम नाव येतंय का बघा. मालिका, जुने सिनेमे आणि मोबाइलवरून टाकलेली गाणी बहुतेक स्टीरिओच असतात, त्यांना ॲम्पमधला अपमिक्सर, म्हणजे स्टीरिओचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणारी सेटिंग, चालू करावा लागतो. हे सगळं ठीक असेल तरच स्टूलवर चढा.

आणखी एक, मुंबईपुरतं. पावसाळा संपल्यावर 'एक बाजू हळू झाली' अशी तक्रार आली तर सगळ्यात आधी वायरचं टोक बघायचं. खाऱ्या हवेत उघडी तांब्याची तार काळी-हिरवी पडते. अर्धा इंच कापायची, नवं टोक सोलायचं, घट्ट लावायचं. वांद्र्याच्या एका समुद्राकडच्या घरात मी एवढंच केलं आणि चहा पिऊन परत आलो.

आता टेप काढा

डायपोलच्या जागेचा नियम एका ओळीत मावतो: दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या कानाच्या अगदी रेषेत, म्हणजे समोर टीव्ही शून्य अंश धरला तर नव्वद अंशांवर. साध्या सराउंडसाठी ११० ते १२० अंश सांगतात, म्हणजे थोडं मागे. डायपोलला हे चालत नाही. मागे सरकवलात की तुम्ही मुक्या पट्टीतून बाहेर आलात आणि स्पीकरचा पुढचा संच तुमच्यावर सरळ रोखला गेला.

किती सरकलं तर किती बिघडतं? आदर्श डायपोलचं गणित सोपं आहे. समजा भिंत तुमच्या कानापासून पाच फुटांवर आहे. स्पीकर तुमच्या रेषेपासून एक फूट पुढे किंवा मागे असेल तर थेट येणारा आवाज त्याच्या पूर्ण जोरापेक्षा साधारण १४ डेसिबलने खाली असतो. ठीक आहे, काम होतं. दोन फूट सरकला तर साडेआठ डेसिबल. तीन फूट, की जेमतेम सहा. खऱ्या स्पीकरमध्ये आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण धडा तोच: एक फुटाची चूक माफ, तीन फुटांची नाही. काकांचे स्पीकर सोफ्याच्या रेषेत नव्हतेच. कोपऱ्यात होते, आणि वर तोंड वाकवल्यामुळे एकाचा ट्विटर (वरच्या, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) नेमका काकांच्या कानावर रोखलेला होता. पाऊस उजवीकडेच का पडत होता ते तिथेच कळलं.

या मांडणीची एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. मुकी पट्टी ही रेघ नसून उभा पडदा आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत. म्हणजे एका ओळीत तिघं बसले तर तिघंही त्यात असतात. आणि स्पीकर वर-खाली केला तरी पट्टी बिघडत नाही. त्यामुळे उंची तुम्हाला दुसऱ्या कामासाठी वापरता येते.

ते काम कोणतं? दहा फुटी रुंद हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला बसलेला माणूस एका भिंतीपासून दोन फुटांवर असतो आणि दुसरीपासून आठ. कानाच्या पातळीवर दोन साधे स्पीकर लावलेत तर त्याला जवळचा स्पीकर दुसऱ्यापेक्षा १२ डेसिबल जोरात ऐकू येतो. तेच स्पीकर कानाच्या अडीच फूट वर नेलेत तर फरक साधारण साडेआठवर येतो. डायपोलमध्ये थेट आवाज मुळातच दबलेला असल्याने हा उरलेला फरकही फार टोचत नाही. म्हणून कानापासून दोन ते अडीच फूट वर, जमिनीपासून साडेपाच-सहा फूट. छताला चिकटवू नका.

सोफा भिंतीला टेकलेला आहे ना?

इथे मुंबईचे निम्मे हॉल अडकतात. जागाच नसते, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मग कानाच्या रेषेत स्पीकर लावायचा म्हणजे तो मागच्या भिंतीपासून फूट-दीड फुटावर येतो. त्याचा मागचा संच लगेच भिंतीवर आपटतो आणि अडीच-पावणेतीन मिलिसेकंदांत आवाज परत येतो, तोही फारसा न दमता. पुढच्या भिंतीवरून येणाऱ्या आवाजाला वीसेक मिलिसेकंद लागतात. कानाची सवय अशी की जो आवाज पहिला जोरात येतो त्याच्याच दिशेला तो बोट दाखवतो. तेव्हा कोपरा बोलतो आणि बाकीची खोली गप्प राहते.

उपाय एकच: सोफा पुढे घ्या. तीन फूट मिळाले तर उत्तम, दोनही चालतील.

काकांच्या घरी या एका वाक्यावर पाऊण तास गेला. हॉल दहा बाय सतरा. टीव्ही आखूड भिंतीवर, सोफा समोरच्या आखूड भिंतीला टेकलेला, आणि सोफा एल आकाराचा. काकू म्हणाल्या, "पुढे घेतला तर देव्हाऱ्याकडे जायचं कसं?" मी टेप लावून दाखवलं की अडीच फूट पुढे घेऊनही बाजूने दोन फुटांची वाट राहते. काकू टेपकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सोफ्यामागच्या फटीत इस्त्रीचं टेबल घडी करून ठेवता येईल, आणि पाहुण्यांच्या दोन खुर्च्याही. गेली अनेक वर्षं ते टेबल बेडरूमच्या दारामागे पडून येता-जाता पायाला लागायचं. मग सोफा त्यांनीच ढकलायला घेतला.

सोफा पुढे येणं शक्यच नसेल, तर डायपोलचा हट्ट सोडा. बटण असेल तर बायपोलवर करा, नसेल तर साधे स्पीकर थोडे वर लावा. भिंतीला टेकून बसलेल्या माणसासाठी मला हेच जास्त बरं वाटतं.

एक भिंत आहे, दुसरी नाही

सोफा नव्या जागी आल्यावर डाव्या भिंतीवरची जागा मोजली तर तिथे कालनिर्णय. ते कुठे हलवायचं यावर जितकी चर्चा झाली तितकी स्पीकरवर झाली नाही. अखेर ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी गेलं.

उजवीकडे मात्र भिंतच नव्हती. पूर्वीची बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली, पलीकडे सरकत्या काचा. असे हॉल इथे इतके आहेत की त्यांच्यासाठी वेगळा नियम असायला हवा. लोक अशा वेळी उजवा स्पीकर स्टँडवर ठेवतात किंवा जिथे भिंत उरली आहे तिथे, म्हणजे चार फूट पुढे, ठोकून मोकळे होतात. त्यातला दुसरा मार्ग तर ठार चुकीचा, वरचं गणित आठवा.

पण बाल्कनी आत घेतली तरी बीम तिथेच राहतो, आणि तो जुन्या भिंतीच्याच रेषेत असतो. काकांकडे बीमचा तळ सात फुटांवर होता. सुताराकडून १९ मिलिमीटर प्लायची फूटभर रुंद आणि दोन फूट लांब फळी करून घेतली. तिचा वरचा अर्धा भाग बीमच्या हॉलकडच्या तोंडावर चार ठिकाणी बसवला आणि खालचा अर्धा भाग खाली लोंबू दिला. स्पीकर त्या खालच्या भागावर. स्पीकरचा तळ आला सहा फूट एका इंचावर. काकांचा नातू सहा फुटी आहे, त्याला दोनदा खालून चालवून पाहिलं. केसांना लागलं, डोक्याला नाही.

बीमला ड्रिल मारताना मात्र सांभाळून. भोकांची खोली दीड इंचाच्या आत ठेवायची, आणि बिट मध्येच कशावर तरी अडून किंचाळायला लागली तर ती सळई आहे. तिथेच थांबा आणि इंचभर बाजूला दुसरं भोक घ्या. सळईशी भांडू नका. सोसायटीची ड्रिलची वेळही विचारून घ्या, दुपारी दोन ते चारमध्ये मशीन सुरू केलं तर खालच्या मजल्यावरून इंटरकॉम येतोच.

दोन्ही बाजूंची उंची एकसारखी असावी म्हणून डावा स्पीकरही तेवढाच वर घेतला. नेहमीच्या उंचीपेक्षा जास्त झाली, हे खरं. पण एक वर आणि एक खाली यापेक्षा दोन्ही थोडे वर हे कानाला कमी खटकतं.

उजव्या बाजूला आवाजाचा काही भाग बाल्कनीत पसरून जातो, तो परत येत नाही. काचेवरचे जाड पडदे ओढले की वरचा, चुरचुरीत भाग आणखी कमी होतो. म्हणून सिनेमाच्या वेळी पडदे अर्धे उघडे ठेवायला सांगितलं. आणि मागच्या भिंतीवर काकांनी ऑनलाइन मागवून चिकटवलेला काळा फोम होता, तो काढायला लावला. डायपोल भिंतींवर जगतो. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंतीवर फोम लावणं म्हणजे पोळी वाढायची आणि ताट उचलायचं.

बाण कुठे?

इथवर सगळं करून ॲम्पमधला नॉइज (चाचणीचा सूं आवाज) लावला, आणि आवाज पोकळच! कानात दडा बसल्यासारखं. मला थोडं हसू आलं, कारण काकांची जोडी वापरलेली होती आणि मागचे स्टिकर निघून गेले होते.

डायपोलची जोडी ही बुटांच्या जोडीसारखी असते, डावा आणि उजवा वेगळा. दोन्ही खोक्यांत टीव्हीकडे तोंड असलेला संच सरळ फेजमध्ये हवा आणि मागचा उलट्या. नवीन स्पीकरवर यासाठी बाण असतो किंवा डावा-उजवा लिहिलेलं असतं, बाण टीव्हीकडे. एक खोकं उलटं लागलं तर डावीकडून आणि उजवीकडून पुढच्या भिंतीवर जाणारे आवाज एकमेकांना खात बसतात.

स्टिकर नसतील तर ही चाचणी करा. दोन्ही सराउंडमधून एकच मोनो आवाज लावा, माणसाचं बोलणं असेल तर आणखी छान. सोफ्यावर बसू नका. सोफ्याच्या तीन-चार फूट पुढे, हॉलच्या मधोमध, जमिनीवर बसा. इथे तुम्ही दोन्ही पुढच्या संचांच्या टप्प्यात असता. आवाज डोक्याच्या मध्यावर एकजीव वाटला तर बरोबर. कुठूनच न आल्यासारखा, चिरफाळलेला वाटला तर एक खोकं उलटं आहे. छोट्या दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर टर्मिनलला स्पर्श करून कोन बाहेर येतो की आत जातो हे बघण्याची युक्ती इथेही चालते, पण दोन्ही बाजूंना वेगळे वूफर (खालचा आवाज काढणारे मोठे कोन) असतील तरच. कित्येक डायपोलांत वूफर एकच असतो, किंवा खालचा आवाज दोन्हीकडून एकाच फेजमध्ये सोडतात, मग सेलवरून काही कळत नाही.

दुरुस्ती करताना प्लस-मायनसच्या तारा उलटवू नका. तसं केलं तर वरचा आवाज जुळेल, पण तो एकटा वूफर दुसऱ्या बाजूच्या विरुद्ध जाईल. डावं खोकं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावूनही उपयोग नसतो, मग दोन्हींची फेज एकदमच उलटते. काकांकडे घोळ असा की त्यांना मिळालेली दोन्ही खोकी डावीच निघाली. म्हणजे दोन वेगवेगळ्या जोड्यांमधली. काका थोडा वेळ गप्प होते. मग एक खोकं डोक्यावर उभं केलं. उलटं टांगलं की पुढचा संच मागे जातो आणि मागचा पुढे, तारा जशाच्या तशा. खाली आलेला ट्विटर कुणाला दिसत नाही, जाळी असते. फक्त टांगायचं भोक दुसऱ्या टोकाला करून घ्यावं लागलं.

ॲम्प काय म्हणतो ते जरा कमी ऐका

माइक ठेवून ऑटो सेटिंग केली की डायपोलच्या बाबतीत ॲम्प हमखास गोंधळतो. माइक मुक्या पट्टीत ठेवलेला, त्याला थेट आवाज फारसा मिळत नाही, भिंतीवरून आलेलाच खरा वाटतो. मग तो 'फेज चुकली' असा संदेश देतो. तारा एकदा डोळ्यांनी तपासा, बरोबर असतील तर तो संदेश ओलांडून पुढे जा. अंतरही तो भलतंच धरतो. काकांकडे टेपने सात फूट भरलं, ॲम्पने अकराच्या वर नोंदवलं. मी टेपचा आकडा हाताने भरतो.

ॲम्पच्या मेनूत स्पीकरचा साइज 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ, खोकं लहान असेल तर १००. खालचं काम सबवूफरवर सोडा.

पातळी लावताना मोबाइलमधलं मीटर चालतं, कारण आपल्याला खरा आकडा नको, डाव्या-उजव्यातला फरक हवा. फोन कानाच्या उंचीवर धरा, सी-वेटिंग आणि स्लो निवडा, आणि एकेका स्पीकरचा नॉइज ७५ च्या आसपास आणा. सोफ्यावर तीन ठिकाणी घेऊन सरासरी काढा. काकांकडे उजवा अडीच डेसिबलने वाढवावा लागला, ती बाल्कनीची किंमत. यानंतर 'मागून काहीच येत नाही' म्हणून दोन्ही सहा-सहाने चढवायचा मोह होतो. आठवडाभर हात लावू नका. नीट लागलेला डायपोल चालू असताना कळत नाही, मध्येच बंद केला की खोली आक्रसल्यासारखी वाटते. तीच परीक्षा घ्या.

कुणी घेऊच नयेत

आता ते मत. छतात स्पीकर बसवून ॲटमॉस करणार असाल तर डायपोल नकोत. ॲटमॉसमध्ये आवाज एखाद्या नेमक्या जागी ठेवलेला असतो, आणि डॉल्बीचा सल्लाही खाली थेट वाजणारे स्पीकर लावा असाच आहे. गेम खेळणाऱ्यांनीही नकोत. गोळी कुठून आली ते कळलं पाहिजे. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या एका मित्राला मी सरळ नाही म्हटलं, कारण तिथे एका बाजूला कपाट, दुसरीकडे दार, आणि सोफा नव्हे, दिवाण. तिथे दोन छोटे साधे स्पीकर पुरतात.

पाच चॅनलचा सेट, जुने सिनेमे, एका ओळीत बसणारी तीन-चार माणसं आणि दोन बऱ्यापैकी भिंती, किंवा एक भिंत आणि एक बीम, एवढं असेल तर डायपोल अजूनही मजा आणतात.

काकांचा एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. एल सोफ्याची आखूड बाजू मुक्या पट्टीच्या बाहेर पडते. तिथे बसलं की उजव्या स्पीकरचा पुढचा संच सरळ तोंडावर येतो. ती जागा काकूंची, आणि ती त्या सोडणार नाहीत, कारण तिथून स्वयंपाकघरातला गॅस दिसतो. मी म्हटलं, सोफा उलटा लावून आखूड बाजू डावीकडे घेतली तरी हेच होईल. काका म्हणाले, "राहू दे. तिला पाऊस ऐकू आला तर वाळत घातलेले कपडे तरी काढेल."